जुन्या गाडीचे ब्रेक: आधी दोष शोधा, मग पाना उचला

"गाडी फारशी चालतच नाही, मग ब्रेक कसे गेले?" ठाण्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात गॅरेजवाल्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर प्रश्नातच आहे. रोज पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीचे पॅड झिजतात. आठवडाभर सोसायटीच्या आवारात उभी राहून रविवारी स्टेशनपर्यंत जाणाऱ्या गाडीचं रबर कडक होतं, पिना गंजतात आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत बसतं. त्यात खाडीची खारट हवा आणि चार महिने पाऊस. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीला "नवे पॅड टाकून दे" म्हणणं बऱ्याचदा तापावर खोकल्याचं औषध देण्यासारखं होतं. दोष कुठल्या चाकात, कुठल्या भागात आहे ते आधी नक्की करा.

इथे डोळ्यांसमोर धरलेली गाडी म्हणजे पुढे डिस्क (फिरणारी चकती, तिला दोन पॅड चिमटतात), मागे ड्रम (फिरणारी लोखंडी डबी, तिला आतून दोन शू दाबतात) आणि मध्ये पायाच्या जोराला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर असलेली छोटी गाडी: जुनी ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका वगैरे. भारतात नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सरसकट सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे या वयाच्या बऱ्याच गाड्यांत ते नसतंच. असेल तर काय सांभाळायचं ते पुढे येईल.

पेडलवरून निदान

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा. इंजिन चालू ठेवून पेडल नेहमीच्या जोरानं दाबा आणि ३० सेकंद तसंच धरा.

पेडल खोल जातंय, पण दोन-तीनदा भरभर दाबलं की वर येतंय? मग एकतर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर मागचे शू ड्रमपासून लांब राहिलेत. हवा असेल तर वर आलेलं पेडलसुद्धा स्पंजासारखं दबतं. शूचा दोष असेल तर ते वर येऊन दगडासारखं घट्ट लागतं. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा पेडल दाबा. आता पहिल्याच दाबाला पेडल उंच लागलं, तर दोष मागच्या शूच्या अंतरात आहे. अशा वेळी हवा काढत बसलात तर दोन बाटल्या ऑइल वाया जाईल आणि पेडल होतं तिथेच राहील.

पेडल धरून ठेवल्यावर सावकाश खाली बसत जातं आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलच्या जोरानं ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मुख्य पंपाची, आतली सील गेली आहे. ऑइल चाकांकडे जाण्याऐवजी सीलच्या कडेनं परत मागे येतं, म्हणून ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी कमी होत नाही आणि माणूस फसतो. गंमत म्हणजे जोरात दाबलं तर हेच पेडल टिकतं, कारण दाबानं सील सिलिंडरला घट्ट चिकटते. तीन हात नाक्याच्या सिग्नलला पाय हलका ठेवून उभे असाल तेव्हा मात्र ते बोट-दोन बोटं खाली सरकलेलं जाणवतं. म्हणून तपासणी हलक्या पायानं आणि जोरानं, दोन्ही प्रकारे करा. या दोषावर रबर किट टाकायची पद्धत आहे, पण सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर नवी सीलही काही महिन्यांत कापली जाते. जुन्या गाडीत अख्खा मास्टर सिलिंडर बदललेला बरा.

याच्या उलट प्रकार: पातळी उतरतेय, पण जमिनीवर थेंब नाही. दोन जागा बघा. मास्टर सिलिंडरची मागची सील गळत असेल तर ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं. सिलिंडरचे दोन नट काढून, पाइप न सोडता, तो दोन सेंटीमीटर पुढे ओढला की आतली ओल दिसते. दुसरी जागा म्हणजे मागचा ड्रम. व्हील सिलिंडरची, म्हणजे शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची, गळती आतल्या आत शूवर पसरते आणि टायरच्या आतल्या बाजूला काळपट ओघळ येईपर्यंत कळत नाही. पॅड झिजले की पातळी थोडी उतरणं मात्र स्वाभाविक आहे. म्हणून पॅडची जाडी न बघता नुसतं ऑइल भरत राहू नका.

पेडल लाकडासारखं कडक आणि गाडी थांबायला दोन्ही पायांचं बळ लागतंय, तर संशय बूस्टरवर. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. पाचव्या वेळी दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर आधी बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाइप बघा. पेट्रोल गाडीत तो इंजिनच्या इनटेकवरून येतो. त्याला वाकवलं की आत बारीक चिरा दिसतात. त्याच पाइपातला एकदिशा व्हॉल्व्ह तोंडानं फुंकून तपासता येतो: हवा एकीकडून जावी, दुसरीकडून अडावी. हे दोन्ही ठीक निघाले तरच बूस्टर बदलायचा विचार करा. पाइपाचा दोष असताना बूस्टर बदललेल्या गाड्या कमी नाहीत.

आता चालत्या गाडीतली लक्षणं. ६०-७० च्या वेगात ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग थरथरतं तेव्हा दोष पुढच्या डिस्कमध्ये असतो. सीट आणि पेडल थरथरतं पण स्टेअरिंग शांत, तेव्हा मागचा ड्रम अंडाकृती झालेला असतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर ३० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूच ओढा. थरथर आली तर ड्रमच. डिस्कच्या बाबतीत "डिस्क वाकली" असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी फिरत्या घेरात कमी-जास्त झालेली असते, किंवा हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाची खपली अडकून ती तिरपी बसलेली असते. लेथवर न्यायच्या आधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं धातू चमकेपर्यंत घासा. निम्म्या खर्चाचं काम तिथेच वाचू शकतं.

किंचाळण्याचा बारीक आवाज पॅड संपत आल्याची खूण असू शकतो किंवा पॅड तापून काचेसारखा गुळगुळीत झाल्याची. खरखर, दगडावर लोखंड घासल्यासारखी, म्हणजे पॅडचं मटेरियल संपून पत्रा डिस्कला लागतोय. गाडी तिथेच थांबवा. या अवस्थेत काढलेले शंभर किलोमीटर डिस्क खातात.

कुठलं चाक?

ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर दोन शक्यता: डावं चाक जास्त धरतंय, किंवा उजवं धरतच नाही. आधी चारही टायरांची हवा सारखी करा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग सात-आठ किलोमीटर चालवून, शेवटी फारसा ब्रेक न लावता गाडी थांबवा आणि रिमच्या जवळ तळहात न्या. हात लावायचा नाही, जवळ न्यायचा. एक चाक तव्यासारखं भाजत असेल आणि दुसऱ्या बाजूचं त्याच्या जोडीचं कोमट असेल तर ब्रेक चिकटतोय. जोडीच्या चाकापेक्षा फारच थंड असलेलं चाक काम करत नाहीये. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. पाणी शिंपडून बघायचं तर रिमवर चार थेंब, तापलेल्या डिस्कवर नाही.

चिकटणारं चाक सापडलं की ते जॅकवर उचला, पेडल दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवून बघा. अडकलंय? कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचं) ब्लीड निपल, म्हणजे हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, पाव फेरा सोडा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकलेला होता. निपल सोडूनही चाक अडकलेलंच राहिलं तर दोष पॅड ढकलणाऱ्या पिस्टनचा किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांचा. दाब अडकलेला असेल तर पुन्हा ब्रेक दाबून चाक अडकवा आणि या वेळी रबरी होज जिथे लोखंडी पाइपाला जोडलाय तो नट, म्हणजे होजच्या वरची बाजू, सोडून बघा. तिथे सोडल्यावर चाक मोकळं झालं तर दाब वरून, मास्टर सिलिंडरकडून येतोय. मोकळं झालं नाही आणि फक्त खालच्या निपलला होतं, तर होज आतून सुजलाय. बाहेरून तो कोरा दिसेल. आतलं रबर सुटून झडपेसारखं वागतं: पायाच्या जोरानं ऑइल आत जातं, परत यायला वाट नाही. पंधरा वर्षांच्या होजला तपासणी कशाला, दोन्ही पुढचे होज एकदम बदलून टाका.

जॅक लावताना

सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक लावला की एखादा ब्लॉक खाली बसतो आणि जॅक तिरपा होतो. खाली १८ मिलिमीटर प्लायचा फूटभर तुकडा टाका. गाडी स्टँडवर बसवल्याशिवाय चाकाच्या आत हात घालायचा नाही. विटा आणि पोकळ सिमेंटचे ब्लॉक स्टँड नव्हेत, ते इशारा न देता फुटतात. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, तेवढाच आणखी एक आधार.

पुढचा कॅलिपर

चाक काढलं की स्टेअरिंग त्या बाजूला वळवा, म्हणजे कॅलिपरच्या मागची बाजू समोर येते. खालचा पिन-बोल्ट काढून कॅलिपर डब्याच्या झाकणासारखा वर उचला आणि तारेनं स्प्रिंगला बांधा. होजवर लटकू द्यायचा नाही.

काढलेले पॅड टाकू नका, ते शेजारी शेजारी ठेवून बघा. आतला संपलाय आणि बाहेरचा धडधाकट आहे तर कॅलिपर पिनांवर सरकत नाहीये. एकच पॅड पाचरीसारखा तिरपा झिजलाय तर दोनपैकी एक पिन जाम आहे. दोन्ही सारखेच पण दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा फार झिजलेत, तर पिस्टन मागे येत नाही किंवा होज सुजलाय. पॅडचं मटेरियल नवं असताना साधारण १० मिलिमीटर असतं, ३ वर आलं की बदला, आणि नेहमी डाव्या-उजव्या चाकांचे चारही एकदम.

खाडीकाठच्या गाड्यांत पिना हाच सर्वांत मोठा गुन्हेगार. चांगली पिन दोन बोटांनी आत ढकलली की सुरकन जाते आणि बोट काढल्यावर हवेच्या दाबानं किंचित बाहेर येते. जाम पिन पान्यानं फिरवत, पिळत काढावी लागते, आणि बाहेर येते ती तपकिरी भुकटीत माखून. बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत झाली तर ठीक. नखाला खड्डे लागले तर नवी घ्या. भोक ब्रेक क्लीनर आणि काडीला गुंडाळलेल्या कापडानं साफ करा. रबरी बूट फाटला असेल तर तो बदलल्याशिवाय बाकीची मेहनत फुकट, कारण पाणी तिथूनच आत गेलेलं असतं. ग्रीस सिलिकोनचं किंवा खास कॅलिपर पिनांसाठीचं, तेही पिन चकाकेल इतकंच. भोक भरून ग्रीस कोंबलं तर हवेला जागा राहत नाही आणि पिन बाहेर ढकलली जाते. बेअरिंगचं पिवळं ग्रीस वापरलं तर रबर फुगतं आणि वर्षभरात पिन पुन्हा जाम. दोन पिनांपैकी एकीला टोकाला रबरी नळी किंवा चपटी बाजू असू शकते; कुठली वर आणि कुठली खाली होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पॅड ज्या खाचेत सरकतो तिथल्या स्टीलच्या पट्ट्या काढून खालचा गंज कानसीनं उतरवा. गंज फुगून पट्टी वर उचलतो आणि नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसलेला पॅड आपणहून मागे येणार नाही, हे उघड आहे.

पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजनं काढा, नाहीतर ते उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खाईल. सुताराचा सी-क्लॅम्प आणि जुना पॅड मध्ये ठेवून सावकाश दाबा, आणि दाबताना निपल सोडून ठेवा, म्हणजे पिस्टनमागचं घाण ऑइल बाहेर पडेल, वर जाणार नाही. एबीएसच्या गाडीत हे टाळू नका. तो गाळ एबीएसच्या युनिटमध्ये गेला तर खर्च कैक पटींनी वाढतो. पिस्टन झटके देत मागे जात असेल किंवा त्याच्या पृष्ठभागावर गंजाचे ठिपके असतील तर नुसत्या सीलनं भागणार नाही.

डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. छोट्या गाड्यांत मूळ १० मिलिमीटरची साधी डिस्क बहुधा ८ वर बाद धरतात. मोजताना कडेचा उंचवटा सोडून आत मोजा. साधा व्हर्नियर कडेवर अडकतो आणि खोटं समाधान देतो.

मागचा ड्रम

हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दगड. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या ड्रमवर दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा घट्ट करत जा, ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्यानं कडा ठोकू नका, बीड ओतीव असतं, तडकतं. ड्रम हबवरून सुटला पण शूवर अडकला, तर झिजलेल्या ड्रमच्या कडेला गंजाची ओठासारखी कड तयार झाली आहे. मागच्या पत्र्यावरच्या छोट्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून अॅडजस्टर (शूचं अंतर जुळवणारा दातेरी भाग) मागे घ्या किंवा हँडब्रेकची केबल ढिली करा. जोर लावून खेचलं तर शूचे पिन आणि स्प्रिंग वाकतात.

आतली भुकटी फुंकायची नाही, कंप्रेसरची हवा तर अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तरात, अॅसबेस्टॉस असू शकतं. पाण्याचा बारीक फवारा मारून ओली करून पुसा.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट बोटानं किंचित उचला. आत ओलसरपणा चालतो. ऑइल टपकलं तर सिलिंडर बदला, दोन्ही बाजूंचे. ऑइल लागलेला शू पेट्रोलनं धुऊन, उन्हात वाळवून, वर गॅसवर भाजून पुन्हा बसवण्याचा प्रकार अजून चालतो. लायनर स्पंजासारखं ऑइल पितं. थंड असताना कोरडं दिसतं, तापलं की परत बाहेर येतं. असे शू फेकून द्या.

एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठली कुठे होती याचा गोंधळ झाला की दुसरी बाजू नमुना म्हणून कामी येते. शू ज्या उंचवट्यांवर टेकून सरकतो, बहुधा दर बाजूला तीन, त्यांवर उच्च तापमानाच्या ग्रीसचा ठिपका द्या, लायनरपासून दूर. अॅडजस्टरचा दातेरी भाग हातानं फिरला पाहिजे. तो गंजून अडकलेला असतो, म्हणूनच शू लांब राहतात, पेडल खोल जातं आणि हँडब्रेक काखेपर्यंत ओढावा लागतो. हँडब्रेकची केबल ताणून हा दोष झाकता येतो आणि सर्रास झाकला जातो. बरोबर क्रम उलटा आहे: केबल ढिली ठेवून आधी शू जुळवा, ड्रम किंचित घासत फिरेल इतपत, मग पेडल दहा-बारा वेळा दाबून शू मध्यावर बसू द्या, आणि सर्वांत शेवटी केबल. लिव्हर साधारण ४ ते ७ टकटकींत धरला पाहिजे.

ड्रम लेथवर घ्यायचा तर १८० मिलिमीटरच्या ड्रमला साधारण २ मिलिमीटरपर्यंतच वाढ चालते, आणि दोन्ही ड्रम सारख्याच मापाला घ्यावे लागतात. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे पट्ट्यात लेथची कमी नाही, पण ब्रेकचं काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या आणि काम झाल्यावर माप समोर मोजून घ्या.

ऑइल आणि हवा

बाटलीवर ब्रेक फ्लुइड लिहिलेलं असतं, बोलताना सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, आणि याच शब्दानं घोटाळा होतो. हे खनिज तेल नाही. टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा स्टेअरिंगचं ऑइल पडलं तर पेडल दाबू नका, गाडी सुरूही करू नका. तसंच चालवलं तर मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं प्रत्येक रबर फुगून निकामी होतं.

ब्रेक फ्लुइडचा प्रकार डॉट ३ किंवा डॉट ४, टाकीच्या झाकणावर जो लिहिलाय तो. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ हे सिलिकोनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरा असताना किमान २३० अंश सेल्सियस आणि ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर किमान १५५ इतका असावा लागतो. म्हणजे पाणी शिरलं की सत्तर-पंचाहत्तर अंशांची उशी गेली. शहरातल्या सिग्नलांवर हे कळत नाही. बोरघाट उतरताना कळतं: ऑइल उकळतं, वाफ तयार होते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी कितीही कमी चालो. कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं असेल तर दोन वर्षं झालीत की नाही हे मोजत बसू नका.

पूर्ण बदलायला अर्धा ते एक लिटर लागतं. सीलबंद बाटलीच घ्या. गॅरेजच्या फळीवर वर्षभर उघडी पडलेली बाटली आधीच पाणी पिऊन बसलेली असते. बाकी सामान: निपलला घट्ट बसणारा रिंग पाना, बहुधा ८ किंवा १० चा, काचेसारखी पारदर्शक नळी, एक बाटली आणि घरातलं एक शांत डोक्याचं माणूस.

जुन्या गाडीतली खबरदारी अशी की पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते पूर्ण खाली जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरची सील अर्ध्याच वाटेपर्यंत सरकते. पुढच्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ असतो. हवा काढताना पेडल तळाला नेलं की सील त्यावर फाटते, आणि काल ठीक असलेलं पेडल आज खाली बसायला लागतं.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं. काही गाड्यांत तिरक्या जोडीचा क्रम असतो, तो मॅन्युअलमध्ये बघा. निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. घाईत फिरवलेलं गंजकं निपल तुटतं आणि मग कॅलिपरच काढावा लागतो. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. पेडलवरच्या माणसाला म्हणा "दाब", त्यानं दाबून "धरलं" म्हटलं की निपल पाव फेरा सोडा, पेडल ठोकळ्यावर टेकलं की बंद करा, आणि बंद झाल्यावरच "सोड" म्हणा. हा क्रम एकदा चुकला की हवा उलट आत जाते. नळीतून बुडबुडे थांबून स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा. ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सगळं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लागतो, ते घरचं काम नाही. रंगावर सांडलं तर कापडानं पुसू नका, भरपूर पाणी ओता.

पाइपात जुगाड नको

लोखंडी पाइप क्लिपांखाली गंजतात, जिथे चिखल साचतो आणि डोळ्यांना दिसत नाही. क्लिप सरकवून बघा; पापुद्रे निघत असतील तर पूर्ण तुकडा बदला. गळक्या जागी रबरी नळी घालून वर क्लिप आवळणं किंवा फ्रीजची तांब्याची नळी बसवणं म्हणजे अपघाताची तारीख ठरवणं. ब्रेक पाइप ४.७५ मिलिमीटरचा, टोकाला दुहेरी फ्लेअर केलेला, म्हणजे कड दुमडून पसरवलेला असतो. हे काम फ्लेअरचं यंत्र असलेल्या माणसाचं.

पाऊस

वंदना टॉकीजच्या परिसरात किंवा विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की लगेच वेग घेऊ नका. मागे कुणी नाही बघून, सावकाश चालवत शंभर-दीडशे मीटर पेडल हलकं दाबून धरा. पाणी वाफ होऊन जातं. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलेलं असेल तर त्याच आठवड्यात मागचे ड्रम उघडून गाळ काढा.

पावसाळ्यात दोन-तीन दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाट जागी पहिला गिअर आणि चाकाला दगड पुरतो. ओले शू ड्रमला चिकटतात. चिकटलेच तर पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून, क्लच हळू सोडत गाडी झुलवा. "टक्" असा आवाज होऊन सुटतात. जोरात अॅक्सिलरेटर दिला तर जुनं चिकटवलेलं लायनर शूवरून उखडून आत फिरत राहतं. रात्रीतून डिस्कवर येणारा केशरी गंज मात्र काळजीचा नाही, दोन-तीन ब्रेकांत पुसला जातो.

उतार आणि ऐन वेळ

गायमुखचा घाट असो, येऊरची उतरण असो की बेलापूरची पारसिक हिल, जुन्या गाडीनं ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा, थंड होऊ द्या.

पेडल अचानक खाली गेलं तर भरभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरत टप्प्याटप्प्यानं ओढा, हॅझर्ड लावून डाव्या कडेला घ्या. किल्ली बंद करू नका: बूस्टरची मदत संपते आणि किल्ली बाहेर निघाली तर स्टेअरिंगच कुलूपबंद होतं. थांबल्यावर पेडल परत आलं म्हणून पुढे निघू नका. उकळलेलं ऑइल थंड झाल्यावर पेडल ठीक वाटतं आणि पुढच्या उताराला पुन्हा तेच होतं.

काम झाल्यावर

गाडी हलवण्याआधी पेडल पंप करून कडक करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला दाब रिकामा जातो, आणि समोर पार्किंगची भिंत असते. नवे पॅड बसल्यावर रविवारी सकाळी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम जोरानं आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर चालवत. गरम डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका, पॅडचा ठसा उमटतो आणि थरथर सुरू होते.

गाडीला पंधरा वर्षं होत असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत भरता येतो, आणि तपासणीत ब्रेक बघितले जातात. रोलर टेस्टर असेल तिथे दर चाकाचा जोर वेगवेगळा मोजला जातो. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक, जो रस्त्यावर तुमच्या हातांना सवयीनं जाणवेनासा झालेला असतो, तो तिथे आकड्यात दिसतो. म्हणून पिना आणि व्हील सिलिंडर तपासणीच्या आधी बघून घ्या.

काम झालेल्या रात्री चारही चाकांच्या आतल्या बाजूला, आणि मास्टर सिलिंडरच्या खालीही, पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून ठेवा. सकाळी त्यांवर ठिपका आहे का बघा, टाकीची पातळी रात्री स्केचपेननं केलेल्या खुणेशी ताडून बघा, आणि चाकांचे नट पुन्हा एकदा पान्यानं तपासा. साधारण ५०० किलोमीटरनंतर नवे शू बसलेले असतात. तेव्हा हँडब्रेकच्या टकटकी परत मोजा.